बीडीएस (दातांच्या डॉक्टरची डिग्री) घ्यायचं ठरवताय? अकरावीपासून कॉलेजच्या पहिल्या महिन्यापर्यंत काय काय करायचं ते सगळं

नीटचा, म्हणजे मेडिकल-डेंटलच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की दरवर्षी माझ्या फोनवर एकच प्रश्न येतो, "मॅडम, एमबीबीएसला नंबर लागत नाहीये, बीडीएस घेऊ का?" विचारणारे बहुतेक वेळा आईवडील असतात आणि ज्याला पुढची पाच वर्षं शिकायचंय ते पोर मागे गप्प बसलेलं असतं. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवते, त्यामुळे गावाकडची पोरं जास्त विचारतात, आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढलेलं बरं म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकते. बीडीएस घ्यायचं की नाही हे नीटच्या मार्कांवरून ठरवू नका, ते काम तुमच्या हाताला आणि स्वभावाला जमतंय का यावरून ठरवा, आणि कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नका, तिथे रोज पेशंट किती येतात ते बघा. या दोन गोष्टी जमल्या तर बाकी सगळं निस्तरता येतं.

पहिली पायरी : हे काम नेमकं काय आहे ते डोळ्यांनी बघून या

फॉर्म भरायच्या आधी, जमलं तर अकरावीतच, ओळखीच्या एखाद्या डेंटिस्टकडे जाऊन दोन-तीन दिवस कोपऱ्यात उभं राहून बघा. बहुतेक डॉक्टर पेशंटची परवानगी घेऊन उभं राहू देतात. बघताना एक गोष्ट लक्षात घ्या, वरची शेवटची दाढ असेल तर डॉक्टरला ती थेट दिसतच नाही, डाव्या हातातल्या छोट्या आरशात दिसते, म्हणजे उजवा हात आरशातल्या उलट्या चित्राकडे बघून चालवायचा, त्याच डाव्या हाताने गालही बाजूला धरायचा, पेशंटची जीभ मध्येमध्ये येत असते, एअरोटरचं म्हणजे दात कोरायच्या मशिनचं पाणी उडत असतं, आणि हे सगळं एका मिलिमीटरच्या आत. हे बघून तुम्हाला "मला करून बघायचंय" असं वाटलं तर तुमचं अर्धं ठरलं. "बापरे, नको" वाटलं तरी हरकत नाही, ते आत्ताच कळलं हे चांगलंच झालं.

आणि फक्त कीड काढून सिमेंट भरणं एवढंच हे काम नाही. आमच्याकडे खर्रा खाणारे पेशंट रोज येतात, कालपरवाच विशीतला एक मुलगा आला, तक्रार काय तर तिखट लागलं की तोंड भाजतं. त्याला म्हटलं तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखव, तर दोन बोटं कशीबशी गेली. गालाच्या आतली कातडी पांढरट आणि ताठ झालेली, बोट फिरवलं की आतून दोऱ्यासारखे पट्टे हाताला लागतात. हा सबम्यूकस फायब्रोसिस, यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, आणि तो मुलगा ज्या डॉक्टरच्या खुर्चीत पहिल्यांदा तोंड उघडतो तो डॉक्टर बहुतेक वेळा डेंटिस्टच असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे तरी सुपारी आणि तंबाखू घासून केलेला खर्रा, मिश्री हे चालूच आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त, तिथल्या लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. म्हणजे गावाकडे कामाला तोटा नाही, ज्याला "डॉक्टर" व्हायचंय त्याला इथे खरंखुरं डॉक्टरकीचं काम आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण "दातांचा डॉक्टर म्हणजे काय डॉक्टर असतो का" हे वाक्य नातेवाइकांकडून तुम्ही ऐकणारच आहात आणि त्याने बरीच पोरं उगाच खचतात.

स्वभावाचंही बघा. पेशंट घाबरलेला असतो, त्याच्या चेहऱ्यापासून तुम्ही वीतभर अंतरावर असता, त्याच्याशी बोलत बोलत काम करायचं असतं. ज्याला माणसांशी बोलायचा कंटाळा आहे त्याला हे जड जातं. मान-पाठीचा त्रास आधीपासून असेल तर नीट विचार करा, कारण दिवसभर वाकून बसायचं असतं, आणि बसायची पद्धत पहिल्यापासून बरोबर ठेवली नाही तर तिशीतच कंबर धरते. डावखुरे असाल तर घाबरू नका, कॉलेजातल्या बहुतेक खुर्च्या उजव्या हाताच्या हिशोबाने लावलेल्या असतात, सुरुवातीला अडचण होते, पण डावखुरे डेंटिस्ट उत्तम काम करतात.

दुसरी पायरी : पाच वर्षांनंतरचं चित्र आधी समजून घ्या

बीडीएस म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी-बायोकेमिस्ट्री आणि दातांची रचना. दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी-मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी, डेंटल मटेरियल्स आणि फँटम हेडवर म्हणजे नकली तोंडावर फिलिंग-कवळीचा सराव. तिसऱ्या वर्षी जनरल मेडिसिन, जनरल सर्जरी, ओरल पॅथॉलॉजी, आणि पेशंटवर हात ठेवायला सुरुवात. फायनलला एकदम आठ विषय, ओरल सर्जरीपासून पब्लिक हेल्थपर्यंत, आणि इथेच खरी दमछाक होते कारण प्रत्येक डिपार्टमेंटचा कोटा असतो, इतके दात काढले पाहिजेत, इतकी फिलिंग, इतक्या कवळ्या, तो पूर्ण केल्याशिवाय परीक्षेला बसताना अडचण येते. हा कोटा शब्द लक्षात ठेवा, कॉलेज निवडताना पुन्हा येणार आहे.

त्यानंतर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी होते आणि मग प्रॅक्टिस करता येते. २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला, त्यात बीडीएसच्या शेवटी देशभर एकच एक्झिट टेस्ट घ्यायची तरतूद आहे, म्हणजे आत्ता प्रवेश घेणाऱ्यांनी ही परीक्षा धरूनच चालावं.

आता पैशांचं, कारण आईवडिलांचा खरा प्रश्न तोच असतो. नवीन बीडीएस झालेल्याला शहरातल्या क्लिनिकमध्ये असोसिएट म्हणून सुरुवातीला पंधरा-वीस हजार मिळणं अगदी कॉमन आहे, आणि हे ऐकून बरेच जण हबकतात. स्वतःचा दवाखाना टाकायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं मशिन), एक्स-रे, हत्यारं, फर्निचर असं जागेचा खर्च सोडून सात-आठ लाखांच्या खाली नीट काम होत नाही. एक्स-रे मशिनला अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी आणि दवाखान्यातल्या कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी हेही त्यातच. पहिली दोन-तीन वर्षं कमाई कमी आणि पुढे हळूहळू वाढत जाते, दातांच्या कामात पेशंट पेशंटला घेऊन येतो, त्याला वेळ लागतो. ज्या घराला पाचव्या वर्षी लगेच मोठा पगार हवाय त्यांनी हे आधी बोलून घ्यावं, नंतर पोरावर चिडण्यात अर्थ नाही.

पुढे शिकायचं तर एमडीएस, तीन वर्षं, नऊ शाखा. त्यासाठी नीट एमडीएस ही वेगळी परीक्षा, २४० प्रश्न, ९६० मार्क. ऑर्थो (दात सरळ करणं), एंडो (रूट कॅनल), ओरल सर्जरी, प्रोस्थो (कवळी-कॅप) यांना मागणी जास्त, आणि प्रायव्हेटमध्ये या शाखांची फी दरवर्षी कित्येक लाखांत जाते. सरकारी नोकऱ्या आहेत पण जागा थोड्या : ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंत शल्यचिकित्सक, राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी जागा, आर्मी डेंटल कोअर. परदेशात जायचं असेल तर भारतातली डिग्री तिकडे थेट चालत नाही, अमेरिकेत आयएनबीडीई ही परीक्षा देऊन पुन्हा दोन-तीन वर्षं कॉलेज करावं लागतं, इंग्लंडला ओआरई, ऑस्ट्रेलियाला एडीसी, कॅनडाला एनडीईबीची परीक्षा. वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर लागतात, पण आपल्याकडची बरीच पोरं जातात आणि तिथे चांगलं नाव काढतात.

तिसरी पायरी : अकरावी-बारावी आणि नीट

विषय फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी. मॅथ्स नसलं तरी चालतं. बारावीला पीसीबीमध्ये ओपनला ५० टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण पाहिजेत. वयाला वरची मर्यादा नाही. बऱ्याच पालकांचा घोळ होतो म्हणून सांगते, एमएचटी-सीईटीचा बीडीएसशी काही संबंध नाही, सरकारी असो, प्रायव्हेट असो की अभिमत (डीम्ड) विद्यापीठ, प्रवेश फक्त नीटवरच.

नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० मार्क, तीन तास : फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा. कोविडनंतर जे ऑप्शनचे जादा प्रश्न होते ते २०२५ पासून बंद झाले, त्यामुळे जुने पेपर सोडवताना तेवढं लक्षात ठेवा. पेपर मराठीतही मिळतो, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात आणि पुढे कॉलेजात सगळं इंग्रजीतच आहे, म्हणून मराठी माध्यमाच्या पोरांनी निदान बायोलॉजीच्या संज्ञा इंग्रजीतून पाठ करायला अकरावीपासूनच लागावं.

अभ्यासाबद्दल थोडक्यात. बायोलॉजीचे ३६० मार्क एनसीईआरटीच्या पुस्तकात आहेत, आकृत्या, आकृतीखालच्या ओळी, तक्ते, सगळं. स्टेट बोर्डाचं पुस्तक बोर्डासाठी ठीक आहे, पण नीटला एनसीईआरटी हवीच. आणि बायोलॉजी जोरदार असण्याचा आणखी एक फायदा, दोघांचे मार्क सारखे झाले तर आधी बायोलॉजीचे मार्क बघतात. गावातल्या पोरांचं घोडं बहुधा फिजिक्सला अडतं, तिथे सगळं करायच्या नादाला न लागता जे धडे पक्के होतील ते पूर्ण पक्के करा आणि निगेटिव्हपासून सांभाळा.

निकाल आल्यावर मार्कांची तुलना मागच्या वर्षाशी करू नका. ओपनची पात्रता २०२४ ला १६२ मार्कांवर होती, २०२५ ला पेपर अवघड गेला तर ती १४४ वर आली. म्हणजे "ताईला एवढ्या मार्कांवर मिळालं होतं" या वाक्याचा काही उपयोग नाही. बघायची ती रँक, ऑल इंडिया रँक आणि राज्याच्या यादीतला मेरिट नंबर, आणि मागच्या दोन-तीन वर्षांत तुमच्या कॅटेगरीत कोणतं कॉलेज कोणत्या नंबरवर बंद झालं ते. राज्याची प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवर जुन्या याद्या असतात, एक संध्याकाळ बसून वहीत उतरवून काढा, काउन्सेलरला हजारो रुपये द्यायची गरज पडत नाही.

नुसतं पात्र होणं आणि चांगली सीट लागणं यात मात्र खूप फरक आहे. देशात ३०० हून जास्त डेंटल कॉलेजं आहेत, दरवर्षी बऱ्याच जागा रिकाम्या राहतात, २०२०-२१ ला तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बीडीएससाठी पात्रतेचं पर्सेंटाइल १० ने खाली आणावं लागलं. याचा अर्थ सीट कुठे ना कुठे मिळेल. पण मिळतेय म्हणून घेऊ नका.

चौथी पायरी : कॉलेज शोधणं

सरकारी आणि महापालिकेची कॉलेजं महाराष्ट्रात बोटावर मोजण्याइतकी : मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई महापालिकेचं नायर हॉस्पिटल डेंटल कॉलेज, नागपूरचं आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय. गोव्याच्या मुलांसाठी बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज, तिथली प्रवेशप्रक्रिया गोव्याचं तंत्रशिक्षण संचालनालय चालवतं आणि गोव्यात राहण्याची अट असते. यापैकी कुठेही नंबर लागत असेल तर गाव लांब आहे, हॉस्टेल बरं नाही असली कारणं काढू नका. या दवाखान्यांत सकाळपासून रांग असते आणि त्या रांगेतच तुमचा हात तयार होतो.

प्रायव्हेटचं मात्र प्रत्येकाचं वेगळं, आणि इथे घरबसल्या ठरवू नका. यादीत टाकण्याआधी तरी तीन-चार कॉलेजं बघून या, सोमवार ते शुक्रवारमधला एखादा साधा दिवस धरा आणि सकाळी दहाच्या आसपास पोचा. अ‍ॅडमिशन ऑफिसात जायच्या आधी ओपीडीच्या केसपेपरच्या खिडकीशी जाऊन उभे राहा. केसपेपरवर त्या दिवसाचा नंबर असतो, अकरा वाजता तो कुठवर गेलाय ते बघा, पुन्हा दुपारी एकला बघा. मग वर डिपार्टमेंटमध्ये चक्कर मारा : खुर्च्या किती आहेत यापेक्षा किती खुर्च्यांवर पेशंट बसलेत. चाळीस खुर्च्या चकाचक आणि सहा पेशंट असं दिसलं तर समजून जा. खुर्चीचं सक्शन चालू आहे का, लाइट लागतोय का, हत्यारं पिशवीत सील होऊन येतात का हेही दिसतंच.

नंतर कँटीनला जाऊन फायनल इयरच्या किंवा इंटर्नशिपच्या पोरांशी बोला, त्यांना सरळ विचारा की कोटा ओपीडीच्या पेशंटवर पूर्ण होतो का, की पेशंट आपले आपण शोधून आणावे लागतात. काही ठिकाणी पोरं रिक्षाचं भाडं देऊन, कवळीचा खर्च स्वतः भरून आजूबाजूच्या वस्तीतून आजोबा-आजींना घेऊन येतात, फक्त केस पूर्ण करायला. तसं असेल तर तो खर्च फीमध्ये धरा. आणखी विचारा : इंटर्नशिपपर्यंत स्वतःच्या हाताने अक्कलदाढ काढली का, रूट कॅनल किती केले, मॅडम-सर बाजूला उभे राहून शिकवतात का. उत्तर द्यायला पोरं का-कू करायला लागली तर तेही उत्तरच आहे. शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर लांब, बस नाही, आजूबाजूला वस्ती नाही अशा जागी असलेल्या कॉलेजात पेशंट येणार कुठून हा साधा विचार करा. काही कॉलेजं स्वतःच्या गाड्या पाठवून खेड्यांतून पेशंट आणतात आणि तिथे काम छान चालतं, ते विचारून घ्या.

त्याचबरोबर कॉलेजची मान्यता आणि यंदाच्या जागांना परवानगी आहे का हे भारतीय दंत परिषदेच्या (किंवा तिची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय दंत आयोगाच्या) साइटवर बघा. राज्यातली अभिमत सोडून बाकी कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली असतात, तेही तपासून घ्या.

पाचवी पायरी : फी आणि स्कॉलरशिप

सरकारीत फी प्रायव्हेटच्या मानाने फारच कमी. प्रायव्हेटमध्ये राज्य कोट्याची वार्षिक फी साधारण दोन-अडीच लाखांपासून पाच लाखांच्या आसपास, कॉलेजागणिक फरक. ती फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यांच्या साइटवर प्रत्येक कॉलेजचा आकडा असतो, तोच खरा धरा. अभिमत विद्यापीठांची फी बहुतेक ठिकाणी याहून बरीच जास्त, आणि संस्थात्मक म्हणजे मॅनेजमेंट किंवा एनआरआय कोट्याची कित्येक पट.

प्रायव्हेट कॉलेजात राज्य कोट्यातून, सीईटी सेलच्या राउंडमधून सीट घेतली तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून स्कॉलरशिप मिळते : मागासवर्गीयांच्या योजना, ओपनमधल्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना, तिला उत्पन्नाची अट आठ लाख. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींचं पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी माफ झाली, मुलींच्या आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे नक्की बघा, फी परवडत नाही म्हणून मुलीचं नाव मागे घेणारी घरं मला माहीत आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ही योजना माहीतच नव्हती. मात्र मॅनेजमेंट कोट्यातून किंवा खासगी अभिमत विद्यापीठात गेलात तर ही माफी नाही.

फी सोडून हत्यारं, पुस्तकं, मेस, हॉस्टेल, एप्रन, पेशंटचा खर्च हे वेगळं. बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी निकालाआधीच करून ठेवा, सीट लागल्यावर पैसे भरायला चार-पाच दिवसच मिळतात.

सहावी पायरी : कागदपत्रं

मार्क असून सीट गेली असं ऐकलं की नव्वद टक्के वेळा कागद अपुरा निघतो. दहावी-बारावीचे मार्कशीट, टीसी, नीटचं अ‍ॅडमिट कार्ड आणि स्कोअरकार्ड, डोमिसाइल, राष्ट्रीयत्वाचा दाखला, आधार, मेडिकल फिटनेस, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते, म्हणून बारावीसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला शाळा बदलणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत.

सगळ्यात वेळ खाणारी गोष्ट म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, लोक त्याला व्हॅलिडिटी म्हणतात. अकरावीत कॉलेजमार्फत अर्ज टाका, बारावीच्या मेमध्ये पळापळ करून हातात काही लागत नाही. वडिलांच्या किंवा काकांच्या नावाची व्हॅलिडिटी घरात असेल तर ती अर्जाला जोडा, काम सोपं होतं. ओबीसी, व्हीजे-एनटी, एसबीसी, एसईबीसी यांना नॉन-क्रिमी लेयर लागतं आणि ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालू असलेलं पाहिजे. केंद्राच्या काउन्सेलिंगसाठी म्हणजे प्रवेशप्रक्रियेसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो, राज्याचा चालत नाही. एसईबीसी हे आरक्षण राज्यापुरतं आहे, केंद्रात ते धरत नाहीत.

सातवी पायरी : राउंड आणि प्रेफरन्स फॉर्म

दोन दारं आहेत. सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के ऑल इंडिया जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या जागा दिल्लीच्या एमसीसीमार्फत (केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) भरतात. राज्यातल्या सरकारीच्या उरलेल्या ८५ टक्के जागा आणि प्रायव्हेट कॉलेजं महाराष्ट्राच्या सीईटी सेलमार्फत. दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करायची असते. अभिमतचा फॉर्म भरताना दोन लाख डिपॉझिट अडकतं, ते परत मिळणारं असलं तरी नियम मोडला की जप्त होतं, तिकडे जायचंच नसेल तर उगाच भरू नका. पूर्वी विदर्भ-मराठवाडा-उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा विभागीय कोटा होता, तो २०२० ला रद्द झाला, त्यामुळे आता कुठलाही मुलगा राज्यात कुठेही सारख्या मेरिटवर.

सीईटी सेलकडे एमबीबीएस आणि बीडीएस एकाच ग्रुपमध्ये, एकाच प्रेफरन्स फॉर्मवर असतात. मेरिटनुसार यादी वरून खाली तपासतात आणि जी पहिली मिळण्यासारखी असेल ती सीट लागते, म्हणून खालच्या नंबरची पसंती आधी टाकून "सेफ" खेळायचं काही कारण नाही. तुमच्या मनातला खरा क्रम लावा. आणि ज्या कॉलेजात मिळालं तरी जायचंच नाही ते कॉलेज यादीत टाकूच नका, लोक "असू दे शेवटी" म्हणून टाकतात आणि तेच लागतं.

सीट लागली, जॉइन केली, आता हीच पक्की ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा. तो भरला नाही तर तुम्ही आपोआप पुढच्या राउंडला बेटरमेंटसाठी धरले जाता आणि वरची पसंती लागली की जुनी सीट गेली, परत मिळत नाही. घरात सगळ्यांनी बसून हे एकदा समजून घ्या. कोणत्या राउंडला सीट सोडली तर बाहेर पडावं लागतं हे यंदाच्या माहितीपुस्तिकेत असतं, ती पुस्तिका कंटाळवाणी आहे पण पोराने आणि एका मोठ्या माणसाने, दोघांनी वेगवेगळी वाचा. नोटीस रात्री उशिरा पडतात, शेवटची मुदत संध्याकाळची असते, राउंड चालू असेपर्यंत दिवसातून दोनदा साइट बघा.

या काळात एजंटांचे फोन येतात, नंबर कुठून मिळतो देव जाणे. "मॅनेजमेंटची सीट पक्की करून देतो, आज टोकन द्या." मॅनेजमेंटच्या जागाही नीटच्या मेरिटवर आणि ठरलेल्या प्रक्रियेतूनच भरतात, टोकन नावाचा प्रकार त्यात नाही. पैसे फक्त कॉलेजच्या खात्यात, पावती घेऊन. ओरिजिनल कागद कुठल्याही मधल्या माणसाच्या हातात द्यायचे नाहीत.

ड्रॉप घ्यायचा का, हा प्रश्न याच वेळी येतो. पोराला मनापासून एमबीबीएसच करायचंय आणि कटऑफ थोडक्यात हुकलाय तर एक वर्ष द्यावं. पण दोन-तीन प्रयत्नांत आकडा हलतच नसेल, किंवा दवाखान्यात उभं राहून आल्यावर त्याला दातांचं काम आवडलेलं असेल, तर वर्ष घालवू नका. बीडीएसला नाव घालून मनाने नीटचाच अभ्यास करत राहणारी पोरं पहिल्या वर्षी दोन्हीकडून अडकतात.

आठवी पायरी : पहिला महिना

रिपोर्टिंगला ओरिजिनल कागद, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, फोटो, फी भरायची सोय, आणि सगळ्याचे स्कॅन फोनमध्ये. हत्यारांचा पूर्ण सेट पहिल्या आठवड्यात घेऊ नका, दुकानदार चार वर्षांचं सामान गळ्यात बांधतात. पहिल्या वर्षाला मेणाचे ठोकळे, लेक्रॉन कार्व्हर (मेण कोरायचं हत्यार), वॅक्स नाइफ एवढ्यावर काम भागतं, बाकी सिनियरकडून अर्ध्या किमतीत मिळतं.

मेणातून दात कोरायचे असतात, पहिल्यांदा सगळ्यांचेच बटाट्यासारखे येतात. कॉलेज सुरू व्हायच्या आधी मेणाचे दहा-बारा ठोकळे आणून घरी रोज अर्धा तास बसा, वरच्या मधल्या दातापासून सुरुवात करा, लांबी-रुंदी पट्टीने मोजून, एका बाजूने पूर्ण झालं की मगच दुसरी बाजू. ओळखीच्या डेंटिस्टकडे काढलेले खरे दात मिळाले तर निर्जंतुक करून द्यायला सांगा आणि बाटलीत भरून ठेवा, दुसऱ्या वर्षी ड्रिलच्या सरावाला लागतात आणि तेव्हा सगळा वर्ग एकदम शोधत फिरत असतो. अक्कलदाढा जास्त मिळतात, पण त्यांचा आकार वेडावाकडा असतो, पहिल्या दाढा मागून घ्या.